कोडची ओळ आपोआप भलतीकडे सरकते? इंडेंटेशन दुरुस्त करण्याची नवशिक्यांसाठी पद्धत

सोलापुरात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून प्रोग्रामिंगच्या लॅबमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार लॉजिकची नसते. "सर, घरी चालतंय, इथं चालंना." किंवा, "एंटर मारला की ओळ आपोआप आत जायलीय." मोहोळहून, अक्कलकोटहून रोज एसटीनं ये-जा करणारी मुलं फाइल पेन ड्राइव्हवर आणतात, नाहीतर स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून लॅबमध्ये उतरवून घेतात. घरी मोठ्या भावाच्या लॅपटॉपवर व्हीएस कोड असतो, लॅबमध्ये नोटपॅड प्लस प्लस, एखाद्या मशीनवर नुसतं पायथनबरोबर येणारं आयडल. एकच फाइल तीन एडिटरांमधून जाते आणि प्रत्येक एडिटर ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा, म्हणजेच इंडेंटेशन, आपापल्या पद्धतीनं भरतो.

मग मुलं काय करतात? स्पेसबार ठोकत बसतात. ओळ डोळ्यांना सरळ दिसेपर्यंत ठोकतात, सेव्ह करतात, रन करतात, पुन्हा तोच एरर. अर्धा तास जातो आणि "मला कोडिंग जमत नाही" अशी समजूत होऊन बसते. ही समजूत चुकीची आहे आणि ती मला मनापासून खटकते. मोकळी जागा कशाची बनली आहे हे कुणी दाखवलंच नाही, तर ती दुरुस्त कशी करणार? म्हणून या लेखातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो: ओळीच्या सुरुवातीला कुठली अक्षरं आहेत हे बघितल्याशिवाय एकही ओळ हलवू नका.

पायरी पहिली: मोकळी जागा दिसेल अशी करा

कीबोर्डवरचा टॅब आणि स्पेस ही दोन वेगळी अक्षरं आहेत. स्पेसची रुंदी एका अक्षराएवढी. टॅबची रुंदी मात्र एडिटर ठरवतो: कुठे ४, कुठे ८, कुठे २. त्यामुळे एक टॅब आणि ४ स्पेस स्क्रीनवर तंतोतंत एकाखाली एक दिसू शकतात, पण फाइलमध्ये पहिल्या ठिकाणी एक अक्षर असतं आणि दुसऱ्या ठिकाणी चार.

व्हीएस कोडमध्ये कंट्रोल आणि स्वल्पविराम एकत्र दाबा, सेटिंग्जचं पान उघडेल. वरच्या चौकटीत "रेंडर व्हाइटस्पेस" शोधा आणि तिथे "ऑल" निवडा. एरवी ही सेटिंग "सिलेक्शन"वर असते, म्हणजे जेवढा मजकूर निवडाल तेवढ्यातच खुणा दिसतात. घाईत असाल तर सेटिंगला हात न लावता कंट्रोल-ए दाबलं तरी काम भागतं.

नोटपॅड प्लस प्लसमध्ये व्ह्यू मेनूत "शो सिम्बॉल" आहे, त्यात स्पेस आणि टॅब दाखवण्याचा पर्याय मिळतो. टर्मिनलमध्ये चालणाऱ्या विम या एडिटरमध्ये कोलन देऊन "सेट लिस्ट" लिहा. टॅबच्या जागी टोपीचं चिन्ह आणि त्याला लागून कॅपिटल आय दिसेल.

आता स्क्रीनकडे नीट बघा. स्पेसच्या जागी बारीक ठिपके आलेत, टॅबच्या जागी लांब बाण. बिघडलेल्या फाइलमध्ये साधारण असं दिसतं: पहिल्या दहा ओळींत चार-चार ठिपके, मग अचानक तीन ओळींत बाण, पुन्हा ठिपके. ते बाण जिथे आहेत त्या ओळी लॅबमध्ये लिहिलेल्या असतात. कारण सोपं आहे. नोटपॅड प्लस प्लस मूळ सेटिंगमध्ये टॅब घालतो, व्हीएस कोड नव्या फाइलमध्ये ४ स्पेस घालतो. यात तुमची काही चूक नाही. दोन्ही एडिटर आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त एकमेकांना विचारून चालत नाहीत.

एरर काय सांगतोय ते वाचा

सी, सी प्लस प्लस, जावा या भाषांमध्ये महिरपी कंस ब्लॉक, म्हणजे एकत्र चालणाऱ्या ओळींचा गट, ठरवतात. तिथे इंडेंटेशन विस्कटलं तर वाचणाऱ्याला त्रास होतो, कंपायलरला होत नाही. पायथनमध्ये मोकळी जागा हाच कंस. म्हणून पायथनवाल्यांनी इथे जरा जास्त वेळ द्यावा.

पायथन ३ मध्ये टॅब आणि स्पेसची सरमिसळ झाली की दोन वेगवेगळे एरर येऊ शकतात, आणि मुलांना वाटतं की चुकाही दोन आहेत. ब्लॉकमधली आधीची ओळ ४ स्पेसची आणि पुढची एका टॅबची असेल तर "टॅब एरर: इनकन्सिस्टंट यूज ऑफ टॅब्ज अँड स्पेसेस" येतो. उलट असेल, म्हणजे आधीची ओळ टॅबची आणि पुढची ४ स्पेसची, तर "अनइंडेंट डझ नॉट मॅच एनी आउटर इंडेंटेशन लेव्हल" असा इंडेंटेशन एरर येतो. याचं कारण असं की टॅब आला की पायथन ८ च्या पुढच्या पटीपर्यंत मोजतो. ४ स्पेस त्याला त्यापेक्षा कमी वाटतात, म्हणजे ब्लॉक संपला असं त्याला वाटतं, पण ४ वर सुरू झालेला कुठलाच ब्लॉक मागे सापडत नाही. दोन्ही एररांचं मूळ एकच आहे आणि उपायही एकच.

"एक्स्पेक्टेड ॲन इंडेंटेड ब्लॉक" हा मात्र वेगळा. तिथे इफ, फॉर किंवा डेफच्या ओळीनंतर कोलन दिलाय, पण पुढची ओळ आत गेलेलीच नाही. "अनएक्स्पेक्टेड इंडेंट" म्हणजे कारण नसताना एखादी ओळ आत गेली आहे. बऱ्याचदा एखादीच स्पेस जास्त पडलेली असते, कॉपी करताना आलेली.

एररमध्ये ओळीचा क्रमांक दिलेला असतो. ती ओळ आणि तिच्या वरची ओळ, अशा दोन्ही बघा. दोष बऱ्याच वेळा वरच्या ओळीत असतो.

एररपेक्षा वाईट गोष्ट म्हणजे एरर न येणं. हे उदाहरण बघा. फॉर, इन, प्रिंट हे शब्द आणि शून्याचा आकडा इथे वाचण्यासाठी देवनागरीत लिहिले आहेत, एडिटरमध्ये ते इंग्रजीतच टाका. एकूण, किंमत, बिल ही नावं तशीच देवनागरीत ठेवलीत तरी पायथन ३ ला चालतात.

एकूण = ०
फॉर किंमत इन बिल:
    एकूण = एकूण + किंमत
प्रिंट(एकूण)

नवी पेठेतल्या एखाद्या दुकानाचं बिल समजा: चादर ६००, टॉवेल २५०, शेंगा चटणी १५०. वरचा प्रोग्राम एकदाच १००० छापेल. आता एडिटरनं शेवटची ओळ आपोआप आत घेतली असं धरा:

एकूण = ०
फॉर किंमत इन बिल:
    एकूण = एकूण + किंमत
    प्रिंट(एकूण)

हा प्रोग्राम ६००, ८५०, १००० असे तीन आकडे छापेल. एरर नाही, लाल रेघ नाही. प्रिंटच्या जागी फंक्शनमधलं रिटर्न असतं तर पहिल्याच फेरीत ६०० घेऊन फंक्शन परत आलं असतं, आणि गिऱ्हाईकाला टॉवेल आणि चटणी फुकट गेली असती. पायथनच्या दृष्टीनं दोन्ही प्रोग्राम बरोबर आहेत. तुम्हाला कुठला हवा होता हे फक्त तुम्हाला माहीत आहे. कुठलाही एडिटर, त्याला जोडलेलं कुठलंही एक्स्टेन्शन ते ओळखू शकत नाही. पुढे "आपोआप नीट करा" अशी बटणं भेटतील तेव्हा हे ध्यानात असू द्या.

पायरी दुसरी: एडिटरनं काय ठरवलंय ते बघा

व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत उजवीकडे "स्पेसेस: ४" किंवा "टॅब साइझ: ४" असं काहीतरी लिहिलेलं असतं. बहुतेक नवशिक्यांची नजर तिथे जातच नाही. या क्षणी, या फाइलसाठी एडिटर काय वापरतोय हे तिथे कळतं. लक्षात घ्या, या फाइलसाठी. तुमच्या सेटिंगमध्ये काय आहे, ही वेगळी गोष्ट.

"मी सेटिंगमध्ये ४ करून ठेवलंय, तरी २ स्पेसच पडायल्यात," ही तक्रार इथूनच येते. व्हीएस कोडमध्ये "डिटेक्ट इंडेंटेशन" नावाची सेटिंग मुळातच चालू असते. फाइल उघडली की एडिटर तिच्यातल्या ओळी चाळतो आणि अंदाज बांधतो: इथे २ स्पेसची पद्धत दिसते, इथे टॅबची. मग तुमची सेटिंग बाजूला ठेवून तो अंदाज चालवतो. हेतू चांगला आहे. दुसऱ्याच्या फाइलमध्ये तुम्ही लिहायला बसलात तर त्याची पद्धत मोडू नये म्हणून ही सोय केली आहे. पण फाइल मुळातच सरमिसळ असेल किंवा जेमतेम चार-पाच ओळींची असेल, तर अंदाज चुकतो.

करायचं ते असं. आधी खालच्या पट्टीतल्या त्या शब्दांवर क्लिक करा. वर एक यादी उघडेल. "इंडेंट युझिंग स्पेसेस" निवडा, मग ४. यानं यापुढे पडणारी जागा ४ स्पेसची होईल. आधीच्या ओळी जशाच्या तशा राहतील. दर वेळी हेच करावं लागत असेल आणि तुमचं सगळं काम एकाच पद्धतीचं असेल, तर सेटिंग्जमध्ये "डिटेक्ट इंडेंटेशन" शोधून खूण काढून टाका. नवशिक्यानं पहिलं वर्षभर ती बंदच ठेवावी असं माझं मत आहे. पुढे इतरांच्या प्रोजेक्टमध्ये काम करायला लागलात की पुन्हा चालू करा.

नोटपॅड प्लस प्लसमध्ये सेटिंग्ज, प्रेफरन्सेस आणि त्यात इंडेंटेशनचं पान. जुन्या आवृत्तीत हेच लँग्वेजच्या पानावर सापडतं. टॅबऐवजी स्पेस वापरायचा पर्याय निवडा, आकडा ४ ठेवा. लॅबच्या मशीनवर हे बदलायच्या आधी लॅब असिस्टंटला विचारा, कारण तुमच्यानंतर त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसणार आहे.

४ च का? पायथनच्या लेखनशैलीचे नियम २००१ साली पेप ८ या नावानं लिहिले गेले, त्यात दर पातळीला ४ स्पेस सांगितल्या आहेत. बाकीच्या भाषांत हा ज्याच्या-त्याच्या पसंतीचा प्रश्न आहे. लिनक्स कर्नलच्या कोडमध्ये टॅब असतात आणि ते ८ अक्षरांचे धरतात. तुमच्या सरांनी, टीमनं जे ठरवलंय ते पाळा. कुठली पद्धत श्रेष्ठ यावर कँटीनमध्ये वाद घालायला हरकत नाही, पण एका फाइलमध्ये एकच पद्धत हवी, यावर वाद नाही.

पायरी तिसरी: बिघडलेली फाइल बदला, पण आधी टॅबची रुंदी ठरवा

आता जुन्या ओळी. काही करण्याआधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावानं ठेवा.

बदलण्याची आज्ञा प्रत्येक एडिटरमध्ये तयार असते. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी दाबा आणि "कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस" लिहा. नोटपॅड प्लस प्लसमध्ये एडिट मेनूत "ब्लँक ऑपरेशन्स", त्यात "टॅब टू स्पेस". आयडलमध्ये मजकूर निवडून फॉरमॅट मेनूतलं "अनटॅबिफाय रीजन". विममध्ये आधी "सेट एक्स्पांडटॅब", मग "रीटॅब".

इथे एक खड्डा आहे आणि बरीच मुलं त्यात पडतात. टॅबचं रूपांतर करताना एडिटर विचारात घेतो ती टॅबची रुंदी, जी त्या क्षणी त्याच्याकडे सेट आहे. ती ८ असेल तर एका बाणाचे ८ ठिपके होतील. मग एका पातळीवर असायला हव्यात अशा काही ओळी ४ वर, काही ८ वर जाऊन बसतील. म्हणून रूपांतराच्या आधी खालच्या पट्टीतून "चेंज टॅब डिस्प्ले साइझ" घ्या आणि ४ करा. आता डोळ्यांनी तपासा: एका ब्लॉकमधल्या बाणांच्या ओळी आणि ठिपक्यांच्या ओळी एकाखाली एक आल्यात का? आल्या असतील तर हीच ती रुंदी, जी बघत-बघत लिहिणाऱ्यानं कोड लिहिला होता. आता रूपांतर करा. आल्या नसतील तर ८ करून बघा, २ करून बघा. कोड जिथे सुबक दिसतो ती रुंदी बरोबर.

रूपांतरानंतर सगळे बाण गेलेले दिसले पाहिजेत. एखादी ओळ तरीही वेडीवाकडी असेल तर ती एकटी हातानं नीट करा. त्यासाठीही स्पेसबार नको. ओळ किंवा ओळी निवडा आणि आत घ्यायला टॅब, बाहेर काढायला शिफ्ट-टॅब दाबा. अख्खा ब्लॉक एका पातळीनं हलतो आणि आतली रचना मोडत नाही.

एंटर दाबल्यावर ओळ चुकीच्या जागी जात असेल तर

हा प्रश्न फाइलचा नाही, एडिटरच्या समजुतीचा आहे. पुढची ओळ कुठे ठेवायची हे ठरवायला एडिटरला आधी भाषा कळावी लागते. व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत, अगदी उजवीकडे भाषेचं नाव असतं. तिथे "प्लेन टेक्स्ट" असेल तर कोलननंतर ओळ आत जाणार नाही, कारण कोलनचा अर्थ त्याला माहीतच नाही. फाइल सेव्ह केलेली नसेल तर बऱ्याचदा असंच होतं. आधी डॉट-पीवाय, डॉट-सी, डॉट-जावा असं योग्य शेपूट लावून सेव्ह करा आणि मग लिहायला घ्या.

विंडोजवर आणखी एक गंमत घडते. साध्या नोटपॅडमधून सेव्ह केलेली फाइल दिसते "बिल डॉट पीवाय", पण तिचं खरं नाव असतं "बिल डॉट पीवाय डॉट टीएक्सटी". विंडोज ओळखीची शेपटं लपवतो, त्यामुळे कळत नाही. फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये "फाइल नेम एक्स्टेन्शन्स"वर खूण करा, सगळं दिसायला लागेल.

भाषा बरोबर आहे आणि तरीही ओळ भलतीकडेच जाते? मग वर बघा. एखादा कंस उघडा राहिलाय का, अवतरण चिन्ह बंद करायचं राहिलंय का? उघड्या कंसाच्या आत आहोत असं धरून एडिटर पुढच्या सगळ्या ओळी आत ढकलतो. त्या ओळी कितीही वेळा मागे ओढा, पुढच्या एंटरला पुन्हा तेच. अशा वेळी मी मुलांना सांगतो की ओळ सोडा, कंस शोधा. कर्सर कंसाजवळ नेला की जोडीदार कंस उजळतो. ज्याला जोडीदार मिळत नाही तो दोषी.

तेवढ्यानं भागलं नाही तर "ऑटो इंडेंट" ही सेटिंग तपासा. व्हीएस कोडमध्ये ती मुळात "फुल" असते. "कीप" केली की एडिटर जास्त डोकं चालवत नाही, फक्त वरच्या ओळीएवढी जागा पुढच्या ओळीला देतो. "नन" केली की काहीच देत नाही. एखादं एक्स्टेन्शन बिघडवतंय असा संशय असेल तर सगळी एक्स्टेन्शन्स बंद करून बघा, मग एकेक चालू करा.

लिहिताना सगळं ठीक, पण सेव्ह केलं की ४ च्या २ स्पेस होतात, असं असेल तर "फॉरमॅट ऑन सेव्ह" चालू आहे आणि एखादा फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप लावणारा प्रोग्राम, आपली पद्धत लादतोय. जावास्क्रिप्टवाल्यांकडे तो बहुतेक प्रेटियर निघतो. त्याचा ठरलेला आकडा २ आहे.

विम वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. "स्मार्टइंडेंट" चालू असेल तर हॅशनं सुरू होणारी ओळ तो थेट डाव्या कडेला नेतो, कारण सी भाषेत हॅशच्या ओळी तिथे असतात. पायथनच्या कॉमेंट्स त्यामुळे विस्कटतात. ती सेटिंग काढा आणि "फाइलटाइप प्लगिन इंडेंट ऑन" ठेवा. कुठली सेटिंग कुठून आली हे कळत नसेल तर "व्हर्बोज सेट शिफ्टविड्थ" आणि पुढे प्रश्नचिन्ह लिहा; विम फाइलचं नाव सांगतो.

कॉपी-पेस्टचा घोळ

पेस्ट केल्यावर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी जास्त आत, मग आणखी आत, असा जिना तयार झाला तर ते विमचं किंवा टर्मिनलमधल्या एखाद्या एडिटरचं काम आहे. पेस्ट झालेला मजकूर त्याला तुम्ही टाइप करताय असं वाटतं. तो प्रत्येक ओळीला आपली जागा देतो आणि मजकुरातली जागा वर पडते. पेस्टच्या आधी "सेट पेस्ट" द्या, झाल्यावर "सेट नोपेस्ट". दुसरं विसरू नका, नाहीतर ऑटो इंडेंट बंदच राहील आणि एक नवी तक्रार सुरू होईल.

पीडीएफ नोट्समधून कॉपी केलेल्या कोडचं इंडेंटेशन बऱ्याचदा पार निघून जातं. त्यावर उपाय नाही. कोड समजून घेऊन पुन्हा टाइप करा. दहा-वीस ओळींचा प्रोग्राम असेल तर टाइप करणंच लवकर होतं आणि डोक्यातही राहतं. वर्डमधून आलेल्या कोडमध्ये अवतरण चिन्हंही वाकडी झालेली असतात, ती बदलून घ्या.

वेबपेजवरून किंवा चॅटमधून आलेल्या कोडमध्ये कधीकधी वेगळीच स्पेस असते. दिसायला साध्या स्पेससारखी, पण तिचा क्रमांक यू+००ए० असतो. ओळ तुटू नये म्हणून वेबपेजवर ती वापरतात. पायथन "इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर" म्हणतो आणि हा क्रमांक दाखवतो. व्हीएस कोड अशा अक्षराभोवती पिवळसर चौकट काढतो. ती एक स्पेस निवडून कॉपी करा, कंट्रोल-एच दाबा, शोधायच्या चौकटीत ती पेस्ट करा, बदलायच्या चौकटीत स्पेसबारनं एक साधी स्पेस टाका आणि सगळ्या बदला.

मराठी, तेलुगू, कन्नड कॉमेंट्स

आपल्याकडे एकाच बेंचवर घरी तेलुगू, कन्नड आणि मराठी बोलणारी मुलं बसतात. आपल्या भाषेत कॉमेंट लिहिणं चांगलं, लिहाच. पण कोडच्या उजवीकडे एकाखाली एक लावलेल्या कॉमेंट्स वाकड्या दिसल्या तर घाबरू नका. एडिटरच्या फॉन्टमध्ये प्रत्येक इंग्रजी अक्षराची रुंदी सारखी असते. देवनागरी किंवा तेलुगू अक्षरं दुसऱ्या फॉन्टमधून येतात आणि जोडाक्षरं कमी-जास्त जागा घेतात. हा दोष फक्त दिसण्याचा आहे. त्या सरळ करायला मध्ये स्पेस भरू नका. कॉमेंट कोडच्या वरच्या ओळीवर लिहा, प्रश्नच मिटतो.

"फॉरमॅट डॉक्युमेंट" कधी दाबायचं

विंडोजवर व्हीएस कोडमध्ये ही आज्ञा म्हणजे शिफ्ट-आल्ट-एफ. सी, जावा, जावास्क्रिप्टसाठी खुशाल दाबा. कंस जागेवर असतील तर तो पूर्ण फाइल सुरेख लावून देईल, आणि निकाल विचित्र आला तर तो कंस कुठे चुकला हेच दाखवतोय.

पायथनमध्ये आधी प्रोग्राम बरोबर चालला पाहिजे. ब्लॅकसारखा फॉरमॅटर चालणाऱ्या कोडची मांडणी नेटकी करतो. इंडेंटेशनचा एरर असलेली फाइल तो घेतच नाही. आणि वरच्या बिलातली प्रिंटची ओळ आत असेल तर ती आतच ठेवेल. "रीइंडेंट लाइन्स" नावाची आज्ञा पायथनच्या फाइलवर वापरू नका. ती कुठली ओळ ब्लॉकच्या बाहेर होती हे ओळखू शकत नाही आणि तुमची रचना बदलून टाकू शकते.

चौघांचा मिनी प्रोजेक्ट असेल तर

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यासाठी हजेरी आणि पगाराचा प्रोजेक्ट चौघांनी मिळून करायचा ठरवलाय असं समजा. चार लॅपटॉप, चार सेटिंग्ज. प्रत्येकाला "४ स्पेस ठेव रे" सांगत बसण्यापेक्षा प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये "डॉट एडिटरकॉन्फिग" नावाची फाइल ठेवा. आत चारच ओळी: पहिलीत रूट बरोबर ट्रू, दुसरीत चौकोनी कंसात तारांकन, तिसरीत इंडेंट-स्टाइल बरोबर स्पेस, चौथीत इंडेंट-साइझ बरोबर ४. इंडेंट आणि पुढच्या शब्दामध्ये अंडरस्कोर हवा, आणि सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत. व्हीएस कोडला यासाठी एडिटरकॉन्फिग नावाचं एक्स्टेन्शन लागतं. जेटब्रेन्सचे एडिटर आणि निओविमच्या अलीकडच्या आवृत्त्या ही फाइल आपणहून वाचतात. नियम कोडबरोबर फिरायला लागला की एडिटरचा अंदाज आणि तुमची सेटिंग दोन्ही मागे पडतात.

दोन अपवाद याच फाइलमध्ये नोंदवा. पहिला मेकफाइलचा, म्हणजे प्रोग्राम बांधणाऱ्या मेक या साधनाला आज्ञा देणाऱ्या फाइलचा: तिच्यात आज्ञेची ओळ टॅबनंच सुरू व्हावी लागते. स्पेस दिल्या तर "मिसिंग सेपरेटर" असं म्हणून मेक थांबतो. हा नियम १९७६ साली बेल लॅब्जमध्ये मेक तयार झालं तेव्हापासूनचा आहे. याउलट सेटिंग्ज लिहायला वापरतात त्या यामल फाइलमध्ये इंडेंटेशनसाठी टॅब चालतच नाही. दुसरा अपवाद गो भाषेचा: तिचा फॉरमॅटर गोफम्ट सगळीकडे टॅब घालतो, तिथे त्याच्याशी भांडू नका.

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट वापरत असाल तर इंडेंटेशनची दुरुस्ती एका वेगळ्या कमिटमध्ये, म्हणजे वेगळ्या नोंदीत, करा. तीनशे ओळींची मोकळी जागा आणि दोन ओळींचं लॉजिक एकाच कमिटमध्ये गेलं की कुणी काय बदललं ते मित्राला शोधता येत नाही. तसं आधीच झालं असेल तर "गिट डिफ" पुढे उणे चिन्ह आणि छोटा डब्ल्यू लावा. मोकळ्या जागेचे बदल वगळून बाकीचे दिसतील.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या मशीनवर

तिथे एक्स्टेन्शन टाकता येणार नाही, सेटिंग बदलता येईलच असं नाही. बसल्या-बसल्या पहिल्या मिनिटात एवढं करा: फाइल योग्य शेपटानं सेव्ह करा, एक इफची ओळ लिहून एंटर दाबा, जागा पडली ती बाण आहे की ठिपके ते बघा. जे पडतं तेच शेवटपर्यंत वापरा. टॅब पडत असेल तर पूर्ण प्रोग्राम टॅबमध्ये लिहा; पायथनला तेही चालतं, फक्त मिसळ चालत नाही. पेन ड्राइव्हवरून काही आणायची परवानगी असेल तर ते आधी त्याच पद्धतीत बदलून घ्या.

लिहून झालं की टर्मिनलमध्ये पायथन, मग उणे चिन्हाला लागून छोटा एम, मग टॅबनॅनी आणि शेवटी फाइलचं नाव द्या. टॅबनॅनी पायथनबरोबरच येतो, वेगळा टाकावा लागत नाही. मोकळ्या जागेत घोळ असेल तर तो फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक आणि ती ओळ छापतो. काहीच छापलं नाही तर टॅब-स्पेसची बाजू ठीक आहे. मग तीन वस्तूंचं छोटं बिल देऊन प्रोग्राम चालवा, बेरीज हातानं ताडून बघा आणि मगच एक्स्टर्नल परीक्षकांना बोलवा.